कंटेनरमधलं सामायिक फोल्डर पुन्हा पुन्हा 'ऑपरेशन नॉट परमिटेड' म्हणतंय? परवानगी सैल करण्याआधी हे तपासा

"भाऊ, सकायपासून काटावरनी पावती जात नही, गाड्या उभ्या शेतस."

धरणगाव-चोपडा पट्ट्यातल्या एका जिनिंगच्या दिवाणजींचा हा फोन मागच्या दोन हंगामांत मला इतक्यांदा आला, की आवाज ऐकताच पुढचं वाक्य कळायचं. दसऱ्यानंतर कापूस यायला लागतो, गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग लागते आणि नेमकी तेव्हाच रात्री वीज जाते. सकाळी सर्व्हर उठतो, काट्यावरचा मुलगा वजनपावती जतन करायला जातो आणि सामायिक फोल्डर उघडतच नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये एकच ओळ शंभरदा आलेली असते: ऑपरेशन नॉट परमिटेड.

रचना साधी आहे. काटा, ग्रेडरचं टेबल, प्रेसहाउस आणि हिशेबाची खोली अशा चार ठिकाणी उबंटू लिनक्सचे चार जुने संगणक. एका सर्व्हरवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणारी व्यवस्था), आणि डॉकरच्या एका कंटेनरमध्ये एनएफएस-गणेशा हा नेटवर्कवरून एनएफएस पद्धतीने फाइल वाटणारा प्रोग्राम. दुसऱ्या कंटेनरमध्ये बिलांचा प्रोग्राम आणि त्याचा डेटाबेस. त्या डेटाबेसात शेतकऱ्यांची बँक खाती आहेत, आधारच्या प्रती आहेत, कोणाची किती रक्कम बाकी आहे तेही आहे. पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः या शेवटच्या गोष्टीमुळे.

घाईत असाल तर उत्तर आधी घ्या. कंटेनरला 'प्रिव्हिलेज्ड' (सर्वाधिकारी) करू नका. फाइल वाटण्याचं काम कंटेनरमधून काढून मूळ यंत्रावरच्या (म्हणजे खुद्द सर्व्हरवरच्या) कर्नेलच्या, लिनक्सच्या गाभ्याच्या, एनएफएस सर्व्हरकडे द्या आणि वाटायचं फोल्डर स्वतंत्र पार्टिशनवर ठेवा. हे का, आणि तसं जमणार नसेल तर काय, ते खाली आहे.

आधी चूक नीट वाचा

'परमिशन डिनाइड' आणि 'ऑपरेशन नॉट परमिटेड' हे दोन वेगळे नकार आहेत. पहिल्याचा क्रमांक १३, दुसऱ्याचा १. तेरा क्रमांकाचा नकार बहुतेक वेळा फाइलचा मालक, गट आणि वाचा-लिहा-चालवा या खुणांवरून येतो. एक क्रमांकाचा नकार आला, की बहुधा मामला फाइलच्या खुणांचा नसतो. ते काम करण्याचा अधिकारच त्या प्रोग्रामला नसतो, मग फाइल कोणाचीही असो.

आमच्याकडे मात्र प्रत्येक वेळी कोणीतरी पहिलं काम करायचं ते चमोड ७७७, म्हणजे फाइलींवर सगळ्यांना सगळी मुभा. त्याने दुरुस्ती शून्य व्हायची आणि सगळ्या पावत्या सगळ्यांना खोडता येतील अशा होऊन बसायच्या. पुढच्या पायरीला सेककॉम्प बंद करायचं, म्हणजे कंटेनरने कुठले सिस्टिम कॉल (कर्नेलकडे केलेल्या मागण्या) करायचे याची गाळणी काढून टाकायची. तरीही तोच नकार. तिसऱ्या पायरीला प्रिव्हिलेज्ड, आणि मग गाडी सुरू. ही तिसरी पायरी पहिल्या वर्षी मीच हाताने केली होती. कॉम्पोझ फाइलमध्ये, म्हणजे कंटेनर कसे उभे करायचे ते लिहिलेल्या फाइलमध्ये, ती ओळ नव्हती. म्हणून पुढे कधीही कॉम्पोझने कंटेनर नव्याने उभा केला, की जुनी फाइल लागू व्हायची आणि रोग परत. वारंवार येण्याचं कारण एवढंच होतं.

नेमका कोणता कॉल अडतोय ते पाहायला मूळ यंत्रावरून एसट्रेस (प्रोग्रामचे कॉल दाखवणारं साधन) लावा, कंटेनरमधल्या प्रोसेसचा क्रमांक देऊन. आमच्याकडे अडत होता तो 'ओपन बाय हँडल ॲट'. मग त्याच प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये 'कॅप ईएफएफ' ही ओळ पाहा. डॉकरने नेहमीसारखा दिलेला कंटेनर असेल तर तिचा शेवट ए८०४२५एफबी असा असतो. हे सोळाच्या पायातल्या अंकांत लिहिलेले चौदा अधिकार आहेत. आपल्याला हवा असलेला 'कॅप डॅक रीड सर्च' (वाचण्याच्या आणि फोल्डरात शिरण्याच्या खुणा ओलांडण्याचा अधिकार) त्यांत नाही. तो दिला की शेवटचा 'बी' बदलून 'एफ' होतो. त्या जागी एकापाठोपाठ एक एफची रांग दिसली, तर समजा कोणीतरी सगळेच अधिकार देऊन ठेवले आहेत. मी दुसऱ्या वर्षी ही ओळ पाहिली तेव्हा रांगच होती.

हा कॉल एवढा जपून का ठेवलाय

साधी फाइल उघडताना आपण मार्ग देतो. अमुक फोल्डर, त्यात तमुक फोल्डर, त्यात पावती. कर्नेल प्रत्येक फोल्डरपाशी थांबून विचारतं, याला इथून आत जायची मुभा आहे का? शिवारात शेवटच्या मळ्यापर्यंत जायचं तर मधल्या प्रत्येकाच्या बांधावरून जावं लागतं आणि कोणीही अडवू शकतो, तसंच.

हँडल म्हणजे मळ्याचा गट क्रमांक लिहिलेला कागद. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडायच्या लिनक्सच्या पद्धतीत) हँडलच्या पोटात मुख्यतः दोन आकडे असतात: आयनोड क्रमांक आणि जनरेशन. आयनोड हा गट क्रमांक समजा आणि जनरेशन हा फेरफार. फाइल पुसली की तो आयनोड पुढे दुसऱ्या फाइलला मिळू शकतो. तेव्हा जुना कागद घेऊन आलेल्याला भलत्याच फाइलवर सोडू नये म्हणून फेरफाराचा आकडा ताडून पाहतात. हँडल हातात असलं की मार्ग लागत नाही. कर्नेल थेट त्या फाइलवर नेऊन उभं करतं आणि वाटेतल्या एकाही बांधाची तपासणी होत नाही.

फाइल सर्व्हरला हे लागतंच. एनएफएसचा ग्राहक, म्हणजे फाइली मागणारा संगणक, एकदा फोल्डर जोडून घेतो आणि मग दिवसभर हँडल दाखवून फाइली मागतो. मधे सर्व्हर बंद पडून परत उठला तरी तेच हँडल चाललं पाहिजे. त्यासाठी २०११ साली लिनक्स २.६.३९ मध्ये 'नेम टू हँडल ॲट' आणि 'ओपन बाय हँडल ॲट' ही जोडी आली. पहिला कॉल हँडल बनवतो, दुसरा त्यावरून फाइल उघडतो. दुसऱ्याला डॅक रीड सर्चची अट आहे.

आता धोका पाहा. कंटेनरची सगळी भिंत मार्गांवर उभी आहे. कंटेनरला मूळ यंत्राचं घर दिसत नाही, कारण त्याच्या मार्गांच्या झाडात ते फोल्डरच नाही. पण हँडलला मार्ग लागत नाही. हँडलला लागते ती त्या फाइल सिस्टिमवरची कुठलीतरी एक उघडी फाइल, म्हणजे 'या तालुक्यातला गट' एवढं सांगणारी खूण. ती खूण प्रत्येक कंटेनरमध्ये डॉकर स्वतःच ठेवतो. कंटेनरच्या आतली होस्ट्स, होस्टनेम आणि रिझॉल्व्ह कॉन्फ या तीन फाइली मूळ यंत्रावरच्या डॉकरच्या फोल्डरातून जोडलेल्या असतात. तिथून हातात पत्ता येतो मूळ डिस्कचा. आणि ईएक्सटी४ मध्ये सर्वांत वरच्या फोल्डरचा आयनोड क्रमांक ठरलेला आहे: २. अंदाज बांधायचीही गरज नाही.

हे कागदावरचं भय नाही. २०१४ च्या जूनमध्ये 'शॉकर' नावाचा छोटा प्रोग्राम उघड झाला, तो हेच करायचा. डॉकरच्या १.० च्या आधीच्या आवृत्त्यांत धोक्याचे वाटतील तेवढे अधिकार काढून बाकीचे ठेवत, आणि त्या यादीत डॅक रीड सर्च काढायचा राहून गेला होता. शॉकरने कंटेनरमध्ये बसून मूळ यंत्राची पासवर्डांची शॅडो फाइल वाचून दाखवली. १.० पासून डॉकरने पद्धत उलटी केली. आधी सगळे अधिकार काढायचे आणि मग लागतील तेवढेच परत द्यायचे. आपल्याला दिसणारा ए८०४२५एफबी त्यातूनच आलेला आहे.

नावात 'रीड' आहे म्हणून फक्त वाचता येईल असं समजू नका. डॉकरच्या नेहमीच्या चौदा अधिकारांत डॅक ओव्हरराइड (फाइलच्या खुणा ओलांडून वाचण्या-लिहिण्याचा अधिकार) आधीपासून आहे. तो आतल्या आत निरुपद्रवी वाटतो, कारण हात बाहेर पोचत नाही. डॅक रीड सर्चने हात बाहेर पोचला, की ओव्हरराइडने लिहिताही येतं. हे दोन एकत्र आल्यावर त्या कंटेनरमध्ये शिरलेल्या माणसाला मूळ यंत्र मोकळं आहे. बिलांचा डेटाबेसही त्याच डिस्कवर, डॉकरच्या व्हॉल्यूमच्या (कंटेनरांचा डेटा ठेवायच्या जागेच्या) फोल्डरात होता. शेतकऱ्याने आपला खातेक्रमांक दिवाणजीला विश्वासाने सांगितला होता आणि मी तो चार संगणकांना पावत्या वाटणाऱ्या प्रोग्रामच्या हाताशी नेऊन ठेवला होता. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

कुठला उपाय काय सैल करतो

सेककॉम्प बंद केल्याने या चुकीत काहीच सुधारत नाही. दोन दरवाजे आहेत. बाहेरचा सेककॉम्पचा, आतला कर्नेलचा. बाहेरचा काढला तरी आतला अधिकार विचारणारच. उलट डॅक रीड सर्च दिला, की डॉकरची नेहमीची सेककॉम्प यादी हा कॉल आपोआप सोडते. म्हणजे गाळणी काढायची गरज कधीच नव्हती. ती काढल्याने मात्र डॉकर एरवी अडवत असलेले चाळीसहून अधिक दुसरे कॉल फुकट मोकळे होतात.

प्रिव्हिलेज्डने सगळ्या कॅपॅबिलिटी, म्हणजे सगळे अधिकार, मिळतात, नव्या कर्नेलमध्ये त्या ४१ आहेत. शिवाय मूळ यंत्राची सगळी उपकरणं दिसतात, सेककॉम्प आणि ॲपआर्मर (लिनक्सचा आणखी एक पहारा) दोन्ही बाजूला होतात. अशा कंटेनरला हँडलची कसरतही करावी लागत नाही, तो मूळ डिस्क सरळ माउंट करू शकतो, म्हणजे आपल्याला जोडून घेऊ शकतो. एका कॉलसाठी एवढं देणं म्हणजे कोठीतलं एक पोतं काढायला आख्खी भिंत पाडणं.

फक्त डॅक रीड सर्च देणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग, पण वर सांगितलेली सगळी जोखीम त्याच्याबरोबर येते. मग काही जण म्हणतात, वाटायचं फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर ठेवलं की झालं. हँडल एका फाइल सिस्टिमपुरतंच चालतं हे खरं आहे. पण होस्ट्स फाइलची वाट विसरू नका. डॉकरचं स्वतःचं फोल्डरही वेगळ्या पार्टिशनवर नेलं नाही तर वेगळेपणाला अर्थ नाही. आणि ते नेलं तरी त्या पार्टिशनवर बाकीच्या कंटेनरांची व्हॉल्यूम असतातच. आमच्याकडचा डेटाबेस तिथेच सापडला असता.

रूटलेस (मूळ यंत्राच्या रूटशिवाय, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याशिवाय चालणारा) डॉकर किंवा पॉडमन हा तसाच प्रोग्राम वापरणाऱ्यांना आणखी एक खड्डा आहे. तिथे डॅक रीड सर्च दिल्यासारखा दिसतो, कॅप ईएफएफच्या ओळीतही उमटतो, तरी नकार तोच. कारण युजर नेमस्पेसच्या (वापरकर्त्यांच्या वेगळ्या कुंपणाच्या) आतला अधिकार हा त्या नेमस्पेसपुरता असतो आणि हा कॉल मूळ नेमस्पेसमधला अधिकार मागतो. इथे लोक कंटाळून रूटफुल करतात आणि वर प्रिव्हिलेज्डही लावतात. २०२४ मध्ये कर्नेलनेच ही अट थोडी सैल केली, पण ती कशी केली ते पाहण्यासारखं आहे. नेमस्पेसच्या आतल्याला हँडलने उघडू द्यायचं, पण त्या माउंटवर त्याचा अधिकार आहे का ते पाहायचं, मिळालेली गोष्ट त्या माउंटच्या खालच्याच झाडातली आहे का ते ताडायचं आणि वाटेतल्या परवानग्याही तपासायच्या. म्हणजे हँडलने जी तपासणी वगळली होती ती या वाटेने येणाऱ्याला परत लावली. आपण प्रिव्हिलेज्ड लिहितो तेव्हा मोबदल्यात अशी कुठलीच तपासणी लावत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

आम्ही काय केलं

एका रविवारी, काटा बंद असताना, गणेशाचा कंटेनर थांबवला. सर्व्हरच्या मोकळ्या जागेत एक स्वतंत्र पार्टिशन करून त्यावर ईएक्सटी४ घातली आणि माउंट करताना नोसूइड, नोडेव्ह, नोएक्झेक हे तीन पर्याय दिले. पावत्यांच्या फोल्डरात चालवायचा प्रोग्राम कशाला असेल? पावत्या तिकडे हलवल्या. मग उबंटूचा नेहमीचा एनएफएस-कर्नेल-सर्व्हर टाकला आणि ते पार्टिशन वाटायला दिलं. कर्नेलचा एनएफएस सर्व्हर हँडल कर्नेलच्या आतच उलगडतो, त्याला हा कॉल करावा लागत नाही, त्यामुळे कोणाला अधिकार द्यायचा प्रश्नच उरत नाही.

पार्टिशन पूर्ण द्या, पार्टिशनमधलं एखादं फोल्डर देऊ नका. एक्सपोर्टच्या, म्हणजे काय वाटायचं ते सांगणाऱ्या, ओळीत हल्ली 'नो सबट्री चेक' हाच नेहमीचा पर्याय असतो. त्यात सर्व्हर एवढंच पाहतो की हँडल या फाइल सिस्टिममधलं आहे, ते वाटलेल्या फोल्डराखालचं आहे की नाही हे पाहत नाही. म्हणजे अर्ध्या डिस्कवरचं एक फोल्डर वाटलं, तर हँडलचा अंदाज लावणाऱ्याला उरलेली डिस्कही मिळू शकते. तोच गट क्रमांकाचा प्रकार, फक्त या वेळी नेटवर्कवरून. पार्टिशनवर पावत्यांशिवाय काहीच नसेल तर अंदाज लावून मिळणार काय?

ग्राहक म्हणून चारही संगणकांचे पत्ते नावानिशी लिहिले. सगळ्या नेटवर्कला खुलं ठेवलं नाही, कारण जिनिंगच्या वायफायवर येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांचे मोबाइलही असतात. रूट स्क्वॉश (ग्राहकाच्या रूटला सर्व्हरवर साधा वापरकर्ता मानणारा पर्याय) नेहमीप्रमाणे चालूच राहू दिलं. मग ७७७ ची घाण काढली. फोल्डरांना २७७०, फाइलींना ६६० (दोन्हींत मालक आणि गटालाच मुभा), दोन्ही वेगवेगळे शोधून, सरसकट एका आज्ञेत नाही. साध्या एनएफएसमध्ये सर्व्हर ग्राहकाने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो, तेव्हा चारही संगणकांवर वापरकर्त्याचा आणि गटाचा क्रमांक एकच आहे ना ते आधी बघा. आमच्याकडे ग्रेडरच्या संगणकावर तो वेगळा निघाला आणि तिथे परमिशन डिनाइड आलं. हा तेरा क्रमांकाचा खरा नकार होता, पाच मिनिटांत सुटला.

बिलांच्या कंटेनरला तेच पार्टिशन साधं जोडून दिलं, जास्तीचा एकही अधिकार न देता. त्याला मार्गाने फाइल उघडायची असते, हँडलशी त्याचा संबंध नाही. त्याच्या कॅप ईएफएफचा शेवट आजही एफबी आहे. कॉम्पोझ फाइलमधून प्रिव्हिलेज्ड हा शब्द शोधून पाहिला, तर कुणीतरी बिलांच्या कंटेनरलाही तो लावून ठेवला होता. काढला, काही अडलं नाही.

हलवल्यानंतर सोमवारी सकाळी प्रेसहाउसमधून फोन आला, की फोल्डर उघडताना 'स्टेल फाइल हँडल' येतंय. हे अपेक्षित होतं. फाइली नव्या पार्टिशनवर गेल्या की आयनोड बदलतात, आणि त्या संगणकाच्या हातात जुने कागद होते. तिथे फोल्डर सोडून परत जोडलं की झालं. बाकीचे तीन संगणक रविवारीच बंद करून चालू केले होते, म्हणून तिथे ते दिसलं नाही.

मूळ यंत्रावर एनएफएस चालवणं शक्यच नसेल, तर गणेशाला कंटेनरऐवजी केव्हीएमच्या स्वतंत्र आभासी यंत्रात ठेवा. तिथे कर्नेल त्याचं, डिस्क त्याची. हँडलने कितीही धावला तरी त्या डिस्कच्या कुंपणाबाहेर जात नाही. मेमरी थोडी जास्त जाते, पण चार संगणकांच्या पावत्यांना दोन जीबीसुद्धा पुष्कळ होते. आणि तेही जमत नसेल, कंटेनरशिवाय गत्यंतरच नसेल, तर फक्त डॅक रीड सर्च द्या, बाकी सगळे अधिकार काढून गणेशाला लागतील तेवढेच एकेक परत घाला, डॉकरचं फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर न्या आणि खात्यांचा डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर. हे सगळं कॉम्पोझ फाइलमध्ये लिहा, हाताने दिलेल्या आज्ञेत ठेवू नका.

शेवटी एक पहारा लावला. ऑडिट या लिनक्सच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेच्या नियमांत 'ओपन बाय हँडल ॲट' या कॉलची नोंद ठेवायला सांगितलं. गणेशा असताना या नोंदींचा पूर आला असता. आता फाइल वाटण्यासाठी तो कॉल होतच नाही, त्यामुळे नोंद जवळजवळ कोरी असते. पहिले दोन दिवस यंत्रावरचे कोणते नेहमीचे प्रोग्राम तिथे उमटतात ते पाहून त्यांची नावं वहीत लिहिली. वहीत नसलेलं नाव दिसलं, की दिवाणजी मला फोन करतात आणि तो कंटेनर आधी थांबवतात.